अठ्ठावन्न शकुन

भाजणी विकायला दाराला पाटी लागते, हे प्रेमलताबाई सोहोनींना माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. भाजणीला तांदूळ किती, हरभऱ्याची डाळ किती आणि धणे नेमक्या कुठल्या क्षणी कढईतून उतरवायचे, एवढं त्यांना माहीत होतं आणि तेवढ्यावर त्यांचं आजवर भागलं होतं. पाटी मागितली ती कंपनीने. कंपनी शोधून आणली होती त्यांच्या यजमानांनी, श्यामकांतरावांनी, त्यामुळे पाटी आणण्याचं कामही त्यांच्याच गळ्यात आलं.

सोहोनी मंडळी कोलकात्यात बेहालाला एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. श्यामकांतराव सरकारी बँकेत होते, बदलीवर इथे आले आणि चीफ मॅनेजर म्हणून इथेच निवृत्त झाले. दिवाळी जवळ आली की शहरातल्या मराठी घरांतून प्रेमलताबाईंना चकलीच्या भाजणीसाठी फोन येत, आणि त्या कुणाला नाही म्हणत नसत. यंदा त्यांच्या लेकीने, शर्वरीने, वेबसाइट करून द्यायचं ठरवलं. शर्वरी सेक्टर फाइव्हमधल्या आयटी कंपनीत नोकरी करते. तिचं मराठी बेहालात, बंगालीच्या संगतीत वाढलेलं असल्यामुळे तिला भूक 'पावते' आणि ती पाणीसुद्धा 'खाते', पण कॉम्प्युटरशी ती शुद्ध बोलत असावी, कारण तीन रविवारांत दुकान उभं राहिलं.

गणपतीत मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी या दुकानाबद्दल विचारलं. श्यामकांतराव हातातली डिश सावरत म्हणाले, "काही विशेष नाही हो. हिला आपला जरा विरंगुळा."

प्रेमलताबाई दोन हातांवर कोशिंबीर वाढत होत्या. त्यांनी कोशिंबीर वाढून संपवली. मग परतीच्या टॅक्सीत खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "दुकानात तुमच्या पेन्शनचा एक पैसा येणार नाही. चाललं तर दुकानाच्या पैशावर चालेल. नाही तर मी बंद करीन."

"अगं, मी तसं म्हणालो नव्हतो."

"मी पण काही म्हणाले नाही. नियम सांगितला."

तेव्हापासून श्यामकांतराव दुकानासाठी काहीतरी भरीव करून दाखवायच्या मागे होते. पैसे कसे घ्यायचे, हा प्रश्न आला तेव्हा त्यांना वाटलं, हे तर आपलंच क्षेत्र. त्यांनी आठवडाभर बसून 'देयक सेवांचा तुलनात्मक अभ्यास' नावाचं चार पानी टिपण तयार केलं आणि प्रत्येक पानावर खाली छोटी सही केली. टिपणाचा सारांश असा होता. नुसता क्यूआर पाठवला तर फुकटात काम होतं, पण चारशे वीस रुपये कुणी पाठवले, हे शोधत बसावं लागतं, कारण लोक पैसे मुलाच्या फोनवरून पाठवतात आणि पत्ता स्वतःचा देतात. माल पोहोचल्यावर रोख घ्यायचे तर गिऱ्हाईक खूश असतं, फक्त ते घरी नसतं. पैसे घेणारी कंपनी लावली तर ती शेकड्याला दोन रुपये कापते आणि कापण्यावरही कर लावते, पण ऑर्डर, पैसे आणि पावती एका जागी येतात आणि परक्या माणसाला दुकानाबद्दल विश्वास वाटतो.

खालच्या मजल्यावरचे शरच्चंद्र घोषाल टिपण वाचायला आले. घोषालबाबू बंदरातून निवृत्त झाले होते आणि कुठल्याही विषयावर मत द्यायला त्यांना फक्त चहा लागे. ते म्हणाले, "सोहोनीबाबू, बंगाली आदमी माछ देखे बिना पैसा नहीं देता. आप कैश लीजिए."

"मैं मछली नहीं बेच रहा, घोषालबाबू."

"वोही तो प्रॉब्लेम है," घोषालबाबू म्हणाले.

प्रेमलताबाईंनी टिपण वाचलं नाही. त्यांनी एकच विचारलं, "पैसे हातात कधी पडतात?"

"दोन दिवसांत."

"नक्की?"

"नियमच आहे तसा."

श्यामकांतरावांनी निवडलेल्या कंपनीचं नाव 'निश्चिंत पेमेंट्स' होतं. दर सगळ्यांचे सारखेच होते. पण या कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की, आमचा जोखीम विभाग चोवीस तास जागा असतो. चौतीस वर्षं लोकांचे कर्जाचे अर्ज परत पाठवलेल्या माणसाला हे वाक्य वाचून जे समाधान वाटायचं ते वाटलं. आपल्यासारखं कुणीतरी तिथे बसलेलं आहे, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते अगदी खरं निघालं.

मग कंपनीने पाटी मागितली. म्हणजे पॅन घेतलं, आधार घेतलं, रद्द केलेला चेक घेतला, अन्न परवान्याचा क्रमांक घेतला आणि शेवटी दुकानाचा दर्शनी फोटो मागितला, पाटीसकट. दुकान घरातच आहे, असं कळवल्यावर उत्तर आलं की, हरकत नाही, मग घराचा दर्शनी फोटो पाठवा, पाटीसकट. श्यामकांतरावांनी पुठ्ठ्यावर इंग्रजी आणि बंगाली अक्षरांत 'सोहोनी भाजणी' असं रंगवून घेतलं आणि इमारतीच्या फाटकावर दहा मिनिटं अडकवलं. फोटो चांगला आला. तेवढ्या दहा मिनिटांत एक गृहस्थ आत येऊन भाजीपाव मागून गेले, पाड्यातल्या, म्हणजे गल्लीतल्या, क्लबचे दोन कार्यकर्ते दुर्गापूजेची वर्गणी दुकानाच्या दराने घ्यायला आले, आणि घरमालकांनी गच्चीवरून विचारलं की, घर धंद्याला दिलंय असं तुम्हाला कुणी सांगितलं. वर्गणी दुकानाच्या दरानेच द्यावी लागली. ती श्यामकांतरावांनी प्रेमलताबाईंच्या नकळत स्वतःच्या खिशातून दिली, म्हणजे नियम पहिल्यांदा त्यांनीच मोडला.

खातं मंजूर झालं. उद्घाटनाला मुहूर्त दसऱ्याचा धरला. साडेतीन मुहूर्तांतला एक पूर्ण मुहूर्त हाताशी असताना मराठी माणूस दुसरा दिवस बघत नाही. घोषालबाबूंना मात्र हे ऐकून धक्का बसला. "आज? आज तो मा जा रही हैं! सारा कोलकाता रो रहा है और आप दुकान खोल रहे हैं?" त्यांच्याकडे दुकानं नव्या वर्षाला उघडतात, देवी निघाली त्या दिवशी नाही. श्यामकांतरावांनी त्यांना सीमोल्लंघन, शमी आणि आपट्याची पानं यांबद्दल सविस्तर सांगितलं. घोषालबाबू सगळं ऐकून म्हणाले, "फिर भी."

आता इथे जे झालं त्याचा दोष द्यायचा तर पूर्ण श्यामकांतरावांनाच द्यावा लागेल, आणि ते तो नाकारत नाहीत. त्यांनी सकाळी मराठी मंडळाच्या ग्रुपवर संदेश टाकला: 'सौ. प्रेमलताच्या दुकानाचं आज विजय मुहूर्तावर, दुपारी दोन ते पावणेतीनच्या दरम्यान, उद्घाटन. सर्वांनी आशीर्वादादाखल शकुनाचा एक रुपया वेबसाइटवर द्यावा. यंत्रणेची चाचणीही होईल, तरी शक्यतो कार्डानेच द्यावा.' शर्वरीने त्यासाठी वेबसाइटवर 'शकुन, किंमत रु. १' अशी वस्तूही लावून दिली.

मराठी माणसं एरवी कार्यक्रमाला उशिरा येतात, पण मुहूर्त चुकवत नाहीत. दोन वाजता खाली विसर्जनाचे ढोल, म्हणजे ढाक, वाजत होते, बायका देवीला शेंदूर लावायला निघाल्या होत्या आणि वर श्यामकांतरावांच्या फोनवर रुपये पडत होते. मंडळाच्या अध्यक्ष मृणालताईंचा पहिला आला. फोर्ट विल्यममधल्या एका कर्नलसाहेबांनी ओटीपी वेळेवर येत नसल्यामुळे सहा वेळा कार्ड घातलं, पण माघार घेतली नाही. नागपूरच्या मेहुण्यांनी चार कार्डांनी चार रुपये दिले, घरातल्या चार माणसांचे. भाचा दुबईत होता, त्याने तिथल्या कार्डाने दिला. पावणेतीनपर्यंत अठ्ठावन्न रुपये जमले. प्रेमलताबाईंनी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते पाहून श्यामकांतरावांना आपण हे सगळं केलं याचा मनापासून आनंद झाला.

पुढच्या तीन दिवसांत एकोणतीस ऑर्डरी आल्या. सत्तर किलो भाजणी. पैसे सगळे आगाऊ. निश्चिंतच्या पडद्यावर आकडा रोज वाढत होता: बारा हजार, एकवीस हजार, छत्तीस हजार चारशे. फक्त त्या आकड्यासमोर एक पिवळा ठिपका होता आणि ठिपक्यावर बोट ठेवलं की 'तपासणीसाठी राखून ठेवलेली रक्कम' असं उमटत होतं. लोकांकडून पैसे घेणं कंपनीने थांबवलं नव्हतं. फक्त पुढे देणं थांबवलं होतं.

श्यामकांतरावांनी फोन केला. फोनवर एका यंत्राने त्यांची तक्रार महत्त्वाची असल्याचं बावीस मिनिटं सांगितलं. मग एक माणूस आला. तो नम्र होता. तो म्हणाला, "सर, आपके खाते में पैंतालीस मिनट में एक-एक रुपये के अट्ठावन पेमेंट आए हैं. अलग-अलग कार्ड से. एक कार्ड छह बार ट्राय हुआ है. एक बाहर देश का है."

"जी हाँ. आशीर्वाद हैं."

"सर, चोरी के कार्ड जो लोग चेक करते हैं ना, कि चालू है कि नहीं, वो बिल्कुल ऐसे ही करते हैं. छोटी दुकान ढूँढकर एक रुपया डालते हैं."

श्यामकांतरावांना वाईट याचं वाटलं की, त्या विभागात ते स्वतः बसले असते तर त्यांनीही हेच केलं असतं. किंबहुना त्यांनी दुबईच्या रुपयावर लाल शाईने खूण केली असती.

"तो अब क्या करें?"

"या तो हर पेमेंट का स्पष्टीकरण दीजिए, या रिफंड कर दीजिए."

अठ्ठावन्न रुपयांसाठी अठ्ठावन्न स्पष्टीकरणं कोण लिहिणार? श्यामकांतरावांनी बायकोला न विचारता, लेकीला न विचारता, अठ्ठावन्न वेळा 'परत करा' हे बटण दाबलं. कंपनीने रुपये परत केले आणि प्रत्येक रुपयावर कापलेले तीन पैसे स्वतःकडे ठेवले. पण विषय मिटला, असं समजून त्यांनी चहा मागितला.

चहा संपायच्या आत मृणालताईंचा फोन आला. मृणालताई पंचवीस वर्षं कोलकात्यात आहेत आणि मंडळात त्यांचा शब्द खाली पडत नाही.

"श्यामकांतराव, आमचा रुपया परत का आला?"

"अहो, तांत्रिक कारण आहे."

"शकुन कुणी परत करतं का? माझ्या आयुष्यात मी ऐकलं नाही असं. प्रेमलताला माहितीये का हे?"

"तिला उगाच कशाला."

"म्हणजे नाही. बरं. तुम्ही काही करू नका आता. मी बघते."

'तुम्ही काही करू नका' हे वाक्य ऐकून माणसाने खरं तर सावध व्हायला हवं होतं. श्यामकांतरावांना उलट हायसं वाटलं. तासाभरात ग्रुपवर मृणालताईंचा संदेश आला की, यंत्रणेतल्या चुकीमुळे प्रेमलताच्या दुकानाचा शकुन परत गेला आहे, हे दुकानाला बरं नव्हे, तरी प्रत्येकाने दोषपरिहार म्हणून आजच अकरा रुपये भरावेत. सगळ्यांनी भरले. ज्यांनी पहिल्यांदा भरले नव्हते त्यांनीही भरले. कर्नलसाहेबांचं कार्ड या वेळी चौथ्या प्रयत्नात लागलं.

संध्याकाळी निश्चिंतचं पत्र आलं. परत केलेले व्यवहार त्याच कार्डांवरून अकरा पट रकमेने पुन्हा झाल्याची नोंद आमच्या यंत्रणेने घेतली असून आपलं प्रकरण वरिष्ठ तपासणीकडे पाठवलं आहे, असं त्यात लिहिलं होतं. आता पैसे घेणंही बंद झालं.

दुसऱ्या दिवशी प्रेमलताबाई यादी करायला बसल्या. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद डाळ, मूग डाळ, धणे, जिरं. सगळं सियालदहच्या घाऊक बाजारातून आणायचं, धुवायचं, वाळवायचं, भाजायचं, गिरणीत द्यायचं. दिवाळीला बारा दिवस राहिले होते आणि कोलकात्याच्या हवेत तांदूळ वाळायला तीन दिवस लागतात. "पैसे आले असतील ना आता?" त्यांनी विचारलं.

मग श्यामकांतरावांना सगळं सांगावं लागलं. सांगताना त्यांनी बँकिंग क्षेत्रातल्या वाढत्या फसवणुकीची थोडी पार्श्वभूमीही दिली. प्रेमलताबाई यादीतले आकडे जुळवत राहिल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं श्यामकांतरावांना वाटलं.

"माझ्याजवळचे पैसे पिशव्यांत आणि सीलच्या मशीनमध्ये गेले," त्या म्हणाल्या. "माल नऊ हजारांचा लागेल."

"नऊ हजार म्हणजे काय गं, आत्ता काढून आणतो."

"नको."

"अगं, उसने म्हणून घे. व्याज लाव हवं तर."

"नको म्हटलं ना. शुक्रवारपर्यंत माल आला तरच भाजणी होईल. नाही आला तर शनिवारी एकोणतीस घरी फोन करते आणि सांगते की होणार नाही, पैसे कंपनी परत करील. मग दुकान बंद. त्यात रागवायचं काही नाही."

त्या खरोखरच रागावल्या नव्हत्या. यादीची घडी करून त्यांनी ती डब्याखाली ठेवली आणि भाजी निवडायला घेतली. श्यामकांतरावांना त्या क्षणी स्वतःची अतिशय लाज वाटली. बाईने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाने काहीतरी मांडलं आणि ते आपण, एका रुपयाच्या हौसेपायी, आठवड्यात बुडवत आणलं.

पुढचे दोन दिवस त्यांनी निश्चिंतला पत्र लिहिण्यात घालवले. चार पानी, इंग्रजीत, परिच्छेदांना क्रमांक. 'विविध हितचिंतकांकडून विशिष्ट कालावधीत स्वीकारलेली, परंपरागत व प्रतीकात्मक स्वरूपाची रक्कम, जी नंतर प्रशासकीय कारणास्तव परत करण्यात आली व पुनश्च वाढीव दराने प्राप्त झाली,' अशा तऱ्हेचा मजकूर होता. खाली निवृत्त चीफ मॅनेजर म्हणून सही होती. घोषालबाबूंनी पत्र वाचून "फर्स्ट क्लास इंग्लिश!" असा शेरा दिला.

गुरुवारी सकाळी ते एकटेच यादी घेऊन सियालदहला गेले. प्रेमलताबाई अकरा वर्षं ज्यांच्याकडून माल आणत त्या विवेक साहांचं दुकान स्टेशनजवळच्या गल्लीत आहे. हमाल, हातगाड्या आणि लोकलमधून उतरलेली गर्दी यांतून वाट काढत श्यामकांतराव पोहोचले, ओळख दिली, हुद्दा सांगितला आणि यादी पुढे केली. साहाबाबूंनी भाव सांगितले. श्यामकांतराव प्रत्येक भावाला "ठीक है" म्हणाले. मग त्यांनी फोन काढून निश्चिंतचा पडदा दाखवला. "पैसे हैं, देखिए. छत्तीस हजार चार सौ. सिर्फ आने बाकी हैं. दिवाली के बाद दे देंगे."

साहाबाबूंनी चष्मा वर करून पडदा पाहिला. "दादा, ये तो फोटो है."

"फोटो नहीं, खाता है."

"पैसा निकलता है?"

"अभी नहीं."

"तो फोटो है," साहाबाबू म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

बेहालाच्या बसमध्ये उभं राहून परत येताना श्यामकांतरावांनी या अपमानाचा अनेक बाजूंनी विचार केला. ज्या माणसाच्या सहीने कोट्यवधींची कर्जं मंजूर झाली, त्याला पंचवीस किलो डाळ उधार मिळू नये! घरी येऊन त्यांनी हे बोलून दाखवलं. प्रेमलताबाईंनी ऐकलं, तोंड धुतलं, साडी बदलली आणि म्हणाल्या, "चला."

"कुठे?"

"तिथेच. शुक्रवार उद्या आहे."

दुकानात शिरल्याबरोबर प्रेमलताबाईंनी तांदळाच्या पोत्यात हात घातला, मूठ नाकाशी नेली आणि सांगितलं की, हा जुना नाही. साहाबाबू त्यांना बौदी, म्हणजे वहिनी, म्हणत. ते म्हणाले, बौदी, आईची शपथ, जुना आहे. मग डाळीवर दोन रुपये, धण्यांवर चार रुपये, उडदाच्या पोत्याचं वजन पोत्यासकट की पोत्याशिवाय, असा अर्धा तास वाद झाला. तो बंगाली, हिंदी आणि मधूनच मराठीत झाला. एकदा तर प्रेमलताबाई पाठ फिरवून गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्या आणि साहाबाबूंनी त्यांना हाक मारून परत बोलावलं. शेवटी भाव ठरला. तेव्हा त्या म्हणाल्या, "पैसा दिवाली के बाद, कालीपूजा के बाद दूँगी. अभी नहीं है."

"ठीक आछे, बौदी," साहाबाबू म्हणाले आणि हमालाला पोती काढायला सांगितली.

श्यामकांतरावांना राहवेना. "अरे, सुबह मैंने यही कहा था. शब्दशः!"

साहाबाबूंनी त्यांच्याकडे जरा करुणेने पाहिलं. "दादा, आपने भाव नहीं किया. जो भाव नहीं करता वो पैसा देने वाला नहीं होता. बौदी दो रुपये के लिए आधा घंटा लड़ीं. वो पूरा देंगी."

चौतीस वर्षं श्यामकांतरावांनी ताळेबंद तपासले, तारण पाहिलं, जामीनदार तपासले. पण इतकी सरळ कसोटी कुठल्याही परिपत्रकात त्यांच्या वाचनात आली नव्हती. त्यांना सर्वांत आधी आपल्या हातून मंजूर झालेली आठ-दहा बुडीत कर्जं आठवली. त्यांतल्या एकाही माणसाने व्याजाच्या दराबद्दल घासाघीस केली नव्हती.

शनिवारी गच्चीवर तांदूळ वाळत पडले. मंगळवारी कढई चढली. घरभर खमंग वास सुटला होता, खालून घोषालबाबू दोनदा वास कसला ते विचारून गेले होते, आणि श्यामकांतरावांकडे काम काहीच नव्हतं, तेव्हा अकरा वाजता निश्चिंतच्या जोखीम विभागातून व्हिडिओ कॉल येत असल्याचा संदेश आला. श्यामकांतरावांनी इस्त्रीचा शर्ट चढवला. फाइल पुढ्यात ठेवली. पडद्यावर एक चष्मेवाला तरुण अधिकारी आला.

"सर, आपका नाम?"

"श्यामकांत सोहोनी. रिटायर्ड चीफ..."

"सर, दुकान तो प्रेमलता सोहोनी जी के नाम पर है. आपका बिझनेस से क्या संबंध?"

"मैं हस्बंड हूँ."

"सर, लिस्ट में हस्बंड नहीं है. मालिक, पार्टनर, कर्मचारी, या अन्य?"

श्यामकांतरावांनी मान वळवली. प्रेमलताबाई कढईसमोर उभ्या होत्या, कपाळावर घाम, हातात उलथनं. मालक ते नव्हते. पार्टनर म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही. 'अन्य' म्हणवून घ्यायला मन धजेना.

"काय विचारतोय?" प्रेमलताबाईंनी न वळता विचारलं.

"मी दुकानात कोण, असं विचारतोय."

प्रेमलताबाईंनी आच मंद केली, पदराला हात पुसले आणि फोन त्यांच्या हातातून घेतला. "बोलो बेटा. मालिक मैं हूँ."

"मैडम, ये एक रुपये वाले पेमेंट, फिर रिफंड, फिर ग्यारह-ग्यारह रुपये, ये क्या है?"

"नया काम शुरू किया तो अपने लोगों ने एक-एक रुपया शगुन का दिया. इन्होंने वो वापस कर दिया. लोग बुरा मान गए, तो ग्यारह-ग्यारह दिए. और क्या."

अधिकारी हसला. "शगुन! मैडम, ये तो हमारे घर में भी होता है. लेटर में ये क्यों नहीं लिखा? सर का लेटर पढ़कर तो हमने केस और ऊपर भेज दिया था." त्याने कढई दाखवायला सांगितली, पोती दाखवायला सांगितली, पिशव्यांवरची तारीख पाहिली. "पैसा कल तक आ जाएगा, मैडम. बस एक कॉलम बाकी है. सर को क्या लिखूँ?"

"कर्मचारी," प्रेमलताबाई म्हणाल्या. "नया है."

फोन ठेवून त्या परत कढईकडे गेल्या. श्यामकांतरावांनी फाइल मिटली. त्यांना अपमान वाटायला हवा होता, आणि ते तो शोधतही होते. पण सापडलं ते निराळंच. इतक्या दिवसांत त्या दुकानात त्यांचं नाव पहिल्यांदा कुठल्या तरी रकान्यात लागलं होतं, आणि त्याचा त्यांना आनंद झाला होता.

"क्यूआर पण लावू या दुकानाला," प्रेमलताबाई कढईजवळून म्हणाल्या. "ओळखीच्या लोकांना क्यूआर. अनोळखी लोकांना कंपनी. दोन टक्के ओळख नसल्याचे गेले म्हणायचं."

"टिपण करू का तसं?"

"टिपण नको. उद्या आठ वाजता पिशव्या सील करायच्यात. सत्तर आहेत. पैशाचं काम तुम्हाला पुढे बघू."

दुसऱ्या दिवशी पावणेआठला श्यामकांतराव खालून दूध घेऊन वर येत होते. घोषालबाबू जिन्यात पेपर काखेत मारून उभे होते. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर मंडळी जमली आहेत, कालच्या मॅचवर बोलायचं आहे, असं त्यांनी सांगितलं. श्यामकांतरावांनी घड्याळ पाहिलं.

"आज नहीं, घोषालबाबू," ते म्हणाले. "ड्यूटी है. मालकिन आठ बजे आती हैं."